बाबांवर टिंब, आईवर नाही

संध्याकाळी सहा ते साडेसात माझ्याकडे इंग्रजीची शिकवणी असते. इंदिरानगरमधलं आमचं टू बीएचके, हॉलमध्ये सतरंजी, आठवी-नववीची सात मुलं. त्यातली दोन रोज उशिरा येतात आणि रोज एकच कारण सांगतात, ‘ताई, बोगद्यात ट्रॅफिक होतं.’ नाशिककरांना हे कारण खोटं आहे असं म्हणायची सोय नाही.

मागच्या महिन्यात मी मुलांना पाच वाक्यं भाषांतराला दिली. त्यात एक होतं, ‘ही माझ्या आईची पर्स आहे.’ दुसरं, ‘ही माझ्या बाबांची स्कूटर आहे.’ इंग्रजीत मालकी दाखवणारी ती वरची खूण, ॲपॉस्ट्रॉफी, कुठे द्यायची याचा सराव. नियम मी आधीच फळ्यावर लिहिला होता. मालक एक असेल तर खूण ‘एस’च्या आधी, अनेक असतील तर ‘एस’च्या नंतर.

एका मुलीनं आईचं वाक्य बरोबर लिहिलं, ‘मदर’स’. बाबांच्या वाक्यात मात्र खूण ‘एस’च्या पलीकडे नेली, ‘फादर्स’’. मी लाल गोल केला आणि म्हटलं, ‘अगं, तुझे बाबा एकच आहेत ना?’ सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, ‘ताई, पण ‘बाबांची’ वर टिंब आहे. टिंब असलं की अनेकवचन, हे तुम्हीच शिकवलंत. ‘आईची’ वर टिंब नाही. म्हणून मी तिथे खूण आधी दिली.’

तिचं इंग्रजी उत्तर चूक होतं. तिचं मराठी व्याकरण मात्र माझ्यापेक्षा पक्कं होतं. मी ‘बाबांसाठी आदरार्थी बहुवचन असतं’ असं सांगून वही मिटली, पण प्रश्न काही मिटला नाही. बाबांवर टिंब आहे आणि आईवर नाही, ही गोष्ट मी जन्मभर बोलत आले होते. पाहिली कधीच नव्हती.

ऐकू न येणारी खूण

आधी इंग्रजीचं बघू. एका मुलाची बॅट, ‘बॉय’स’. अनेक मुलांची बॅट, ‘बॉइज’’. आणि नुसतीच अनेक मुलं, ‘बॉइज’. कागदावर तीन वेगळे शब्द, कानाला एकच. डोळे मिटून ऐकलंत तर बॅट एकाची की दहा जणांची हे कळायला मार्ग नाही. पुढच्या-मागच्या वाक्यांवरून अंदाज करायचा.

इंग्रजी कायम अशी नव्हती. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत आपल्यासारख्याच विभक्त्या होत्या. राजाला साधारण ‘क्युनिंग’ म्हणत. एका राजाचं ते ‘क्युनिंगेस’, अनेक राजांचं ते ‘क्युनिंगा’. फरक तोंडात होता, त्यामुळे कुठलीही खूण लागत नव्हती. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली. शब्दांची शेपटं त्याआधीपासूनच झिजत होती, पुढच्या काही शतकांत ती आणखी झिजली. अनेकवचनाचा तो ‘आ’ गेला. ‘एस’ तेवढा उरला आणि सगळीकडे तोच बसला.

सोळाव्या शतकात छापखान्यांबरोबर फ्रेंचमधून ॲपॉस्ट्रॉफी आली. तिचं काम मालकी दाखवणं नव्हतंच. ‘इथलं एक अक्षर गाळलंय’ एवढंच ती सांगायची. ‘क्युनिंगेस’सारख्या शब्दांतला ‘ए’ बोलण्यातून गळला होता, त्या जागी ही खूण बसू लागली. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३चा मोठा संग्रह उघडला तर कुठे खूण आहे, कुठे नाही. त्या काळी त्याची कुणाला फिकीर नव्हती. एकवचनाचा नियम सतराव्या शतकात हळूहळू रुळला. अनेकवचनाच्या वेळी मात्र व्याकरणकार अडले. ‘बॉइज’मध्ये गाळलंय काय, की तिथे खूण द्यायची? हा वाद बराच चालला आणि ‘एस’च्या मागची खूण जवळपास अठराव्या शतकाच्या शेवटी स्थिरावली.

म्हणजे १८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि नाशिक इंग्रजांच्या हाती गेलं, तेव्हा हा नियम इंग्रजीतही नवा होता, फार तर दोन पिढ्यांचा. पुढे आपल्या शाळांत तो अनादिकालापासून असल्यासारखा शिकवला गेला. न आल्यास छडीही बसली.

देवनागरीत आल्यावर तर ही खूण पुसलीच गेली. आपण ‘लेडीज टेलर’ लिहितो, ‘जेंट्स पार्लर’ लिहितो, नाशकात ‘बॉइज टाऊन’ म्हणतो. कुणाचं आणि किती जणांचं हे त्यात काहीच उरत नाही. ‘लेडीज’ या शब्दाचं तर आपण एकवचनच करून टाकलं, ‘बसमध्ये एक लेडीज चढली.’ इंग्रजीनं कागदावर जपलेला फरक आपल्या कानानं कधी ऐकलाच नव्हता, मग तो लिपीत तरी कसा येणार?

डोंगरावरचा सातबारा

आता मराठीचं टिंब. त्याचा माग काढायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. कॉलेजात असताना आम्ही तिथे पहाटे चढायला जायचो आणि लेण्यांसमोर फोटो काढून खाली वडापाव खायचो. भिंतीवर काय लिहिलंय याच्याशी आमचा संबंध नव्हता.

भिंतीवर लिहिलेलं बरंचसं जमिनीबद्दल, दानाबद्दल आणि मालकीबद्दल आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आज्ञा कोरलेली आहे. त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो की, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेलं २०० निवर्तनं शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना देण्यात येत आहे. उषवदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई. राजा नुकता युद्ध जिंकून आला होता आणि ताब्यात आलेल्या मुलखातल्या जमिनीची व्यवस्था लावत होता.

आता त्यातले शब्द बघा. एका माणसाचं म्हणायचं असेल तर प्राकृतात शेवटी ‘स’ येतो, ‘गोतमिपुतस’, म्हणजे गौतमीपुत्राचं. अनेकांचं म्हणायचं असेल तर शेवटी ‘न’ येतो, ‘पवजितान’, म्हणजे प्रव्रजितांचं किंवा प्रव्रजितांना. एका माणसाचा ‘स’, अनेकांचा ‘न’. जमिनीच्या कागदावर हा फरक हवाच. शेत एका भिक्षूला मिळालं की सगळ्यांना, यावर उद्या भांडण होऊ शकतं.

हाच ‘न’ आपलं टिंब आहे. संस्कृतात ‘देवानाम्’, प्राकृतात ‘देवाणं’, मराठीत घासून घासून ‘देवां’ आणि पुढे चा-ची-चे. म्हणजे ‘देवां’ यात ‘अनेकांचं’ हा अर्थ आधीपासून आहे. त्यावर ‘चा’ लावून आपण मालकीवर मालकी चढवतो. शिवाय ते टिंब अजून ऐकू येतं. ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ डोळे मिटून ऐका, चुकणार नाही.

भाषांचं नातं शोधणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे. प्राकृतातला एकवचनी ‘स’ आणि इंग्रजीतला ‘एस’ एकाच जुन्या घराण्यातले आहेत. तसंच ‘देवानाम्’मधला ‘आम्’ आणि ‘क्युनिंगा’मधला तो हरवलेला ‘आ’ हेही चुलत भावंडं. दोन्ही भाषांना एकाच आजोबांकडून वाटा मिळाला होता. इंग्रजीनं आपला वाटा गमावला आणि पुढे त्या जागी मुकी खूण लावली. मराठीचा वाटा आकसून टिंबाएवढा झाला, पण राहिला.

पांडवलेण्यांतल्या त्या जमिनीची गोष्ट इथे संपत नाही. सहा वर्षांनी, कारकिर्दीच्या चोविसाव्या वर्षी, त्याच भिंतीवर दुसरी आज्ञा कोरली गेली. दिलेलं शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. क्रियापदं चक्क आपलीच आहेत, ‘कसते’ आणि ‘वसति’. म्हणून नगराच्या सीमेवरच्या सरकारी शेतातली १०० निवर्तनं त्याऐवजी देण्यात येत आहेत. सरकारी दान कागदावर राहणं आणि पुढे बदली जमीन मिळणं, हे १९०० वर्षांपूर्वीही होत होतं.

ही दुसरी आज्ञा एकट्या राजाची नाही. ती राजाची आणि राजमातेची मिळून आहे. याच लेण्यात तिचा, गौतमी बलश्रीचा, नातवाच्या कारकिर्दीतला मोठा लेख आहे. तिनं हे लेणं भिक्षुसंघाला दान दिलं. आणि ज्याला आपण सातवाहनांचा सर्वांत मोठा राजा मानतो, त्याचं नाव काय? गौतमीपुत्र. गौतमीचा मुलगा. ते नाव उच्चारताना आधी आई येते, मग तो.

याचा अर्थ त्या काळी बायकांचं राज्य होतं असा कुणी काढू नये. वारसा मुलग्याकडेच जात होता. पण जमिनीच्या व्यवहारात आईचं नाव दगडावर कोरलेलं राहिलं, एवढं खरं.

टिंबांची साफसफाई

१८३६मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठी व्याकरण प्रसिद्ध झालं. तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. इंग्रजी शिकलेल्या त्या पिढीनं मराठीचेही नियम मांडायला घेतले. त्या काळचं कुठलंही मराठी पान बघा, पाऊस पडल्यासारखी टिंबं दिसतात. ‘आईचें घर’ यातही टिंब होतं, पण ते ‘आई’वर नव्हतं, ‘चें’वर होतं. ते फक्त घर नपुंसकलिंगी आहे एवढंच सांगायचं. बहुतेकांच्या उच्चारातून अशी टिंबं कधीच गेली होती, लिहिण्यातून मात्र हलत नव्हती. शाळेत पोरांनी ती पाठ करायची, विसरली की मार्क जायचे.

१९६१मध्ये स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे १४ नियम तयार केले आणि १९६२मध्ये ते सरकारनं स्वीकारले. १९७२मध्ये त्यांत चारांची भर पडली. उच्चारात नसलेली टिंबं या नियमांनी काढून टाकली. दोन ठिकाणची मात्र मुद्दाम ठेवली. एक, अनेकवचनाला प्रत्यय लागतो तिथे, ‘मुलांचा’, ‘घरांना’. दुसरं, आदरार्थी बहुवचनात, ‘अध्यक्षांचे’, ‘मुख्यमंत्र्यांचा’. अध्यक्ष एकच असतो, मुख्यमंत्रीही एकच. तरी त्यांच्यावर टिंब हवं, असा लेखी नियम झाला.

म्हणजे आज आपल्याकडे एकच टिंब दोन कामं करतं. एक मोजणीचं, दुसरं मानाचं. इंग्रजीत मानाचं काम नामाकडे नाही. राजाची टोपी आणि चोराची टोपी यांना एकच ‘एस’ आणि तीच खूण. म्हणून माझी विद्यार्थिनी घसरली. तिनं मानाचं टिंब मोजणीचं समजून इंग्रजीत नेलं.

मान कुणाला मिळतो, याची यादी करून बघा. बाबांचा, आजोबांचा, काकांचा, सरांचा. दुसरीकडे आईचा, आजीचा. काकूंचा, वहिनींचा, सासूबाईंचा, शाळेतल्या बाईंचा म्हणताना टिंब येतं, म्हणजे बायकांना ते मिळतच नाही असं नाही. लग्न होऊन घरात आलेल्या आणि बाहेरच्या बायकांना ते मिळतं. जिच्या पोटी जन्मलो तिला नाही. कारण तिला आपण ‘अगं’ म्हणतो. ही जवळीक आहे हे मलाही मान्य. माझ्या आईला मी ‘आईंचा डबा’ म्हटलं तर ती मला डॉक्टरकडे नेईल. आणि आज कित्येक घरांत मुलं बाबांनाही ‘अरे’ म्हणतात, ‘बाबाचा’ म्हणतात. टिंब गळतंय, आणि ते प्रेमानंच गळतंय.

अडचण जवळिकीची नाही. मोजणीच्या वेळी ती आड येते, तिथे आहे.

पाटलांचा वाडा कुणाचा?

गावाकडे ‘पाटलांचा वाडा’ असतो. यातलं टिंब कुठलं? एका पाटलाला मान द्यायला दिलेलं, की वाड्यात राहणाऱ्या सगळ्या पाटलांना मोजायला? मराठीत दोन्ही अर्थ होतात आणि कुणी विचारतही नाही. इंग्रजी पाटीवर मात्र ठरवावं लागतं. खूण ‘एस’च्या आधी दिली तर वाडा एका पाटलाचा, नंतर दिली तर सगळ्यांचा.

‘सगळे पाटील’ यांत कोण कोण येतं, हे ठरवायला कायद्याला फार वेळ लागला. १८७४मध्ये आपल्याकडे ‘मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्ट’ आला. नावातच अनेकवचनी मालकी, विवाहित स्त्रियांची मालमत्ता. बाईनं कमावलेला पैसा तिचा स्वतःचा, असं त्यात सांगितलं होतं. पण हा कायदा हिंदू, मुसलमान, शीख, जैन यांना लागू नव्हता, म्हणजे बहुतेक भारतीय बायका त्या अनेकवचनाच्या बाहेरच होत्या. नवऱ्यानं बायको-मुलांच्या नावे काढलेल्या आयुर्विम्याचं संरक्षण देणारं त्यातलं सहावं कलम १९२३मध्ये देशभर या समाजांनाही लागू झालं. आजही विम्याचा एजंट ‘एमडब्ल्यूपी करायचं का’ असं विचारतो, ते याच कायद्याबद्दल.

१९३७मध्ये ‘हिंदू विमेन्स राइट्स टू प्रॉपर्टी ॲक्ट’ झाला. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनी तो मांडला, म्हणून त्याला देशमुख कायदाही म्हणत. विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला, पण तो हयातीपुरताच. पूर्ण मालकी मिळायला १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा यावा लागला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानं २२ जून १९९४पासून दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर तो ९ सप्टेंबर २००५पासून आला. आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२०ला नक्की केलं.

‘मुलांचा वाटा’ म्हणताना मराठीत मुलगेही येतात आणि मुलगे-मुली मिळूनही येतात. ‘मुलांचं वसतिगृह’ म्हटलं की मुलींना प्रवेश नाही, ‘मुलांचं मासिक’ म्हटलं की आहे. इतकी वर्षं वाटणीच्या बोलण्यात ‘मुलांचा’ हा शब्द कुठल्या अर्थानं घेतला गेला, हे आपल्या आत्यांना विचारा.

आमच्या दारावर

आमचं आडनाव सोयीसाठी जोशी धरा. घर घेतलं तेव्हा कर्जाचे हप्ते आई-बाबा दोघांच्या पगारातून जायचे. आई मराठी शाळेत शिक्षिका होती. खरेदीखतावर दोघांची नावं आहेत. पाच-सहा वर्षांपूर्वी रंगकाम झाल्यावर भावानं हौसेनं इंग्रजी पाटी करून आणली, ‘द जोशी’स’. सोनेरी अक्षरं, खूण ‘एस’च्या आधी. अर्थ, एका जोशीचं. अशा पाट्या आमच्या कॉलनीत डझनभर तरी असतील, त्यात कुणाचा दोष नाही. मी इंग्रजी शिकवते, मला ती रोज दिसायची. ‘चालतंय’ म्हणून मी सोडून दिलं होतं.

वहीचा तो प्रसंग घडला त्या रात्री मी जेवताना सगळ्यांना सांगितला. बाबा हसले. म्हणाले, ‘मला एवढा मान आहे हे माहीत नव्हतं.’ आईनं वाढता वाढता विचारलं, ‘मग आपल्या पाटीवर ते टिंब कुठे आहे?’

मी सांगितलं.

‘म्हणजे एकाचंच?’

‘हो.’

‘कुठल्या?’

कुणीच काही बोललं नाही. आईनं भात वाढला. तिनं तीस वर्षं पोरांच्या वह्यांत विसरलेली टिंबं लाल शाईनं दिली आहेत.

रविवारी मी भावाला घेऊन पाटीवाल्याकडे गेले. खूण ‘एस’च्या पलीकडे सरकवून देईन म्हणाला, नवीन अक्षरं करावी लागतील. आईला फोन लावला. ती म्हणाली, ‘इंग्रजीत कशाला? मराठीत कर.’ आता दारावर ‘जोश्यांचे घर’ आहे. टिंब ठसठशीत करायला सांगितलं होतं, त्यानं ते जरा जास्तच मोठं केलंय.

मराठीत ते टिंब मानाचं आहे की मोजणीचं हे पाटी वाचून कळत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आडनावाखाली दोघांची नावं लिहून घेतली. आईचं आधी.

त्या मुलीच्या वहीत मी लाल गोल तसाच ठेवला, कारण परीक्षेत ‘फादर्स’’ला मार्क मिळणार नाहीत. शेजारी समासात लिहिलं, ‘मराठीत तुझं बरोबर आहे.’ तिनं ते वाचलं आणि विचारलं, ‘ताई, मग आईला टिंब द्यायचं का?’

मी म्हटलं, ‘तिला विचार, हवंय का.’